काठ मोकळा, तलाव पोरका

पावसाळा सरत आला, तलाव तुडुंब भरले की विदर्भातील वृत्तपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येते. पोहायला गेलेला शाळकरी मुलगा तलावात बुडाला. एक घर उद्ध्वस्त होते, गाव हळहळते आणि मग उपाययोजनांची चर्चा सुरू होते. काठावरच्या फांदीला मुलांनी बांधलेला झोका काढून टाका, पाण्यावर झुकलेली झाडे तोडा, काठ मोकळा करा, ‘पोहण्यास सक्त मनाई’ असा फलक लावा! सुचवणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. एका मुलाच्या जिवापुढे दोराची आणि फांदीची किंमत ती काय? परंतु या उपायाने पुढचे मूल खरोखर वाचते काय आणि त्या तलावाचे पुढे काय होते, याचा विचार झाला पाहिजे. गोंदिया जिल्ह्याने तर तो अवश्य केला पाहिजे. कारण तलाव हेच या जिल्ह्याचे वैभव आहे.

असा उपाय केवळ आपल्याकडेच सुचतो असेही नाही. अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी १९३३ साली सरकारी महामंडळ स्थापन झाले. स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभारले ते त्याच नमुन्यावर. टेनेसीच्या जलाशयांवरही सार्वजनिक काठावरील झोके धोकादायक ठरवून काढून टाकण्याचे धोरण आहे. त्यामागची कारणे खोटी नाहीत. फांदी कुजलेली असू शकते, पाण्याखाली बुंधा किंवा खडक असू शकतो आणि जलाशयाची पातळी सतत बदलत असते. तथापि तेथील काठ महामंडळाच्या ताब्यात आहेत आणि पाण्याच्या राखणीची जबाबदारीही त्याच्याकडेच आहे. गोंदियाच्या तलावांचा इतिहास याहून सर्वस्वी वेगळा आहे.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने तलावबांधणीची ही विद्या येथे फुलवली. डोंगरउताराचा अचूक अंदाज घेऊन मातीची पाळ घालायची, जादा पाण्याला वाट ठेवायची आणि खालच्या धानाच्या बांध्यांना क्रमाने पाणी द्यायचे, ही सारी व्यवस्था गावाच्या बुद्धीतून आणि श्रमांतून उभी राहिली. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. पुढे गावाने या कर्त्या पुरुषाला कोलासुर देव मानले. त्याचे ठाणे तलावाजवळच आहे आणि भोवतालच्या डोंगरशिखरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. या बहिणींनी बांधाच्या कामी कोलूला साहाय्य केले, अशी श्रद्धा आहे. तलाव बांधणारा देवत्वाला पोहोचतो आणि काठावर बसून पाण्याची राखण करतो, या कल्पनेत एक सामाजिक शहाणपण दडलेले आहे. ज्या पाण्यावर कुणाची तरी नजर असते, तेच पाणी टिकते.

ही नजर हळूहळू का हटली? १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली. जमीनदारी गेली हे योग्यच झाले; पण तिच्याबरोबर तलावही सरकारकडे गेले. पुढे शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेच्या आणि त्याहून मोठे राज्याच्या अखत्यारीत आले. गावाचे निस्तार हक्क कागदावर राहिले, परंतु पाळीची दुरुस्ती, गाळ काढणे, सांडवा मोकळा ठेवणे ही ‘सरकारी कामे’ झाली. जे काम सर्वांचे होते ते कुणाचेच राहिले नाही. अशा तलावाशी गावाचे जे नाते आज उरले आहे ते काठावरच्या सावलीमुळे. गुराखी दुपारी तेथेच टेकतो, ढिवर जाळे तेथेच वाळवतो, कपडे धुणाऱ्या बाया तेथेच घडीभर विसावतात. श्रावणात महाराष्ट्रभर माहेरवाशिणी नागपंचमीचे झोके बांधतात, तेही अशाच जुन्या झाडांना. ही सावली तोडली की माणसे येत नाहीत. आणि बंदीचा फलक वाचून मुले थांबत नाहीत. ती पोहायला जातात, फक्त त्यांना हाक मारणारे किंवा बुडताना पाहणारे कुणी काठावर नसते.

धोका कोठे असतो, हेही तपासले पाहिजे. भाद्रपदात काठोकाठ भरलेला तलाव वैशाखात तळाला जातो. ज्या फांदीखाली सप्टेंबरात दोन पुरुष पाणी असते, तेथे मार्चमध्ये गुडघाभर पाण्याखाली दगड असतो. दुसरा धोका खड्ड्यांचा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिला नव्याने चालना मिळाली. तिचा उद्देश उत्तमच आहे. परंतु गाळाच्या नावाखाली यंत्राने मुरूम खणला तर तळात सरळ कड्यांचे खड्डे पडतात. पावसाळ्यात ते पाण्याखाली झाकले जातात आणि उथळ समजून उतरलेला मुलगा एका पावलात खोल पाण्यात जातो. असा खड्डा बुजवला नाही आणि झाड मात्र तोडले, तर सुरक्षिततेचा केवळ देखावा होतो.

याचा अर्थ काठावरचे प्रत्येक झुडूप पवित्र मानावे, असा नव्हे. मातीच्या पाळीवर मोठी झाडे वाढली की मुळांच्या वाटेने पाणी झिरपू लागते, झाड उन्मळले की पाळीला भगदाड पडते. धरणशास्त्राचा हा आक्षेप खरा आहे. म्हणून पाळीच्या मातीवरचे झाड आणि काठावरच्या नैसर्गिक जमिनीवरचे झाड यांत भेद केला पाहिजे. पहिल्याचा निर्णय अभियंत्याच्या तपासणीने व्हावा. दुसरे मात्र माती धरून ठेवते, गाळ रोखते आणि पाणपक्ष्यांना आसरा देते. पाणकावळे, चित्रबलाक पाण्यालगतच्या झाडांवरच घरटी करतात. नागपूरच्या अंबाझरी तलावाचा अनुभव येथे बोलका आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पावसाने तो ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तेव्हा तलावाचा बांध फुटला नव्हता. पाण्याच्या वाटेतील बांधकामे आणि आवळलेले नदीपात्र यांची चर्चा त्यानंतर झाली आणि तलावाच्या सुरक्षिततेचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. झाडांकडे बोट दाखवणे सोपे असते, अडवलेली वाट मोकळी करणे अवघड असते.

काय काढावे आणि काय राखावे, याचा विवेक गोंदिया-भंडाऱ्यातील सामान्य माणसांनीच दाखवला आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने ढिवर समाजातील महिलांनी तलावांत माजलेली बेशरम उपटून काढली आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, जेणेकरून माशांना अन्न आणि आसरा मिळावा. त्यांनीही वनस्पती काढल्याच. परंतु कोणती आणि कशासाठी, हे जाणून काढल्या.

कायद्याचा आधारही अपुरा नाही, विस्कळीत आहे. शहरी भागासाठीच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. हे कवच गोंदिया शहराला आहे, गावच्या तलावाला नाही. मात्र २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला व्यवस्थापन समिती नेमावी लागते, लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. तलावकाठची जुनी झाडे तीत नोंदवली, तर कुऱ्हाड चालवण्यापूर्वी गावाला विचारा, असा आग्रह धरता येईल. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावतलावांसह सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. अतिक्रमण प्रथम तेथेच होते, जेथे लोकांचा वावर संपलेला असतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तेव्हा करायचे काय? तलावाचा तळ मच्छीमारांइतका कुणालाच ठाऊक नसतो. त्यांच्या मत्स्य सहकारी संस्थांच्या मदतीने पावसाळ्यापूर्वी खोल जागी खुणेचे खांब रोवावेत, खणलेले खड्डे उतरते करून घ्यावेत. झोका बांधायचा तर फांदी वडीलधाऱ्यांनी तपासावी, तो पाण्यावर नसून जमिनीवर असावा, पाण्यावरचा दोर खुशाल काढावा. शाळांनी जाणत्या पोहणाऱ्यांकडून मुलांना पोहायला शिकवावे. तळ्यांच्या जिल्ह्यातील मुलाला पोहता न येणे ही समाजाचीच उणीव आहे. ग्रामसभेने वर्षातून एकदा पाळीवर भरून झाडे, सांडवा आणि काठ यांची पाहणी करावी. यांतील एकाही कामासाठी मोठा निधी लागत नाही. तीनशे वर्षांपूर्वी ज्या समाजाने मातीने पाणी अडवले, त्याच्या वारसांना काठावरची सावली आणि आपली लेकरे दोन्ही राखता येतील. त्यासाठी गावाला पुन्हा पाळीवर यावे लागेल.