करवतीला महिना ठरवा

रस्ता रुंद झाला की कडेची झाडं जातात, हे वडपे नाक्यावर कुणाला नव्यानं सांगायला नको. प्रश्न महिन्याचा आहे, कारण अशा झाडांवर वटवाघळंही पिल्लं वाढवतात. अमेरिकेनं लांब कानांच्या उत्तरी वटवाघळाला २०२२ मध्ये संकटग्रस्त ठरवलं. पिल्लांच्या हंगामात त्यांच्या वस्तीची झाडं तोडणं तिथं टाळतात, कामं थंडीवर ढकलतात. आपल्याकडे फळखाऊ वटवाघूळ कायद्यानंच उंदराच्या पंगतीला ‘उपद्रवी’ म्हणून बसलं होतं. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्याच दुरुस्तीनं ती यादी मोडीत निघाली.

मोठ्या फळखाऊ वटवाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते, तेही उन्हाळ्याच्या आसपास. सुरुवातीला ते आईच्या छातीला चिकटून असतं. पुढे ती चरायला गेली की रात्री फांदीवर एकटंच लोंबतं. पावसाळ्यापूर्वीची छाटणी नेमकी तेव्हाच निघते, आणि उडता न येणारं पिल्लू फांदीसकट खाली येतं. (वड-उंबराचं बी रानोमाळ पेरणारी हीच मंडळी, बरं का.)

राज्याचा शहरी वृक्ष कायदा २०२१ पासून झाडाचं वय विचारतो. तोडीच्या अर्जात आणखी एक रकाना हवा, गावातही: झाडावर वटवाघळं आहेत का? असतील तर फेब्रुवारी ते जून करवत बंद. धोकादायक फांदीला सूट द्यावी, पण पंचनामा करूनच.