वैनगंगेतले औषध कोण मोजणार?

मधुमेहाच्या असंख्य रुग्णांच्या रोजच्या गोळीत मेटफॉर्मिन असते. शरीरातले काम झाले की हे औषध जवळपास जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकाचाही मोठा वाटा असाच बाहेर येतो. गुडघ्याला चोळलेले वेदनाशामक मलम त्वचेत थोडेच मुरते, बाकीचे आंघोळीच्या पाण्याबरोबर मोरीत जाते. शाम्पू आणि साबण तर धुऊन जाण्यासाठीच असतात. मोरीतून पुढे हे सारे कुठे जाते, ते भंडारा जिल्ह्याला नकाशावरच दिसते.

नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. पुढे पवनीजवळ गोसेखुर्दचे धरण. वाहत्या नदीत घाण निदान पुढे सरकते, धरणाच्या फुगवट्यात ती थबकते. याच पाण्यावर शेती आहे आणि ढिवरांची मासेमारीही. पाण्याचा रंग, वास, जलपर्णी यांवरून जिल्ह्यात वर्षानुवर्षे ओरड होते आणि ती रास्तच आहे. पण पाण्यात विरघळलेले औषध ना डोळ्यांना दिसते, ना नाकाला कळते.

नाग नदीसाठी सुमारे 1,927 कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रे हवीतच, मात्र ती मुख्यतः मैला आणि सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधली जातात. फिटवरचे कार्बामाझेपिन त्यांतून फारसे न बदलता पार होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कीटकनाशकांना मर्यादा आहे, औषधांना नाही. जे मोजायचेच नाही, ते अहवालात येणार कसे?

दुखणे एकट्या विदर्भाचे नाही. 104 देशांतील 258 नद्यांची पाहणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अंटार्क्टिकाचे पाणीही तपासले होते. औषधांचा अंश आढळला नाही तो फक्त आइसलँडमध्ये आणि व्हेनेझुएलातील एका आदिवासी गावाजवळ.

एवढ्याशा अंशाने माणसाला काय होणार, असे विचारले जाते. एका गोळीइतके औषध पोटात जायला तसे पाणी कित्येक वर्षे प्यावे लागेल, हे खरे. मासा मात्र जन्मभर त्यातच राहतो, आणि जिवाणूंना प्रतिकार शिकायला प्रतिजैविकाची किंचित मात्राही पुरते. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये बंदी आली, तोवर बहुतेक गिधाडे संपली होती.

मुदत संपलेली औषधे 2016 च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, तरी ती बेसिनमध्ये ओतली जातात. केरळने 2025 मध्ये कोझिकोडपासून अशी औषधे परत घ्यायला सुरुवात केली. भंडारा, तुमसर, पवनीच्या नगरपालिकांना मेडिकल दुकानांत एकेक पेटी ठेवणे जड नाही. आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने वैनगंगेच्या तपासणीत निदान मेटफॉर्मिन, कार्बामाझेपिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही तीन नावे जोडावीत: एक नमुना कन्हानच्या संगमाच्या वर, एक खाली, एक गोसेखुर्दच्या जलाशयात.