'ब्लोआउट कोम' : पडलेला अल्बम की कानाडोळा केलेला? #थ्रेड

हिप-हॉपच्या इतिहासात 'डिगेबल प्लॅनेट्स' या त्रयीची नोंद बहुधा एका वाक्यात उरकली जाते: पहिला अल्बम गाजला, दुसरा पडला, संच मोडला. तिन्ही विधाने खरी आहेत. त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष मात्र खोटा आहे.

१९९३ चा 'रीचिन' बिलबोर्डच्या यादीत १५ व्या क्रमांकापर्यंत चढला. त्यातील 'रीबर्थ ऑफ स्लिक' या गाण्याला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेला 'ब्लोआउट कोम' ३२ व्या क्रमांकावर थांबला आणि १९९५ मध्ये त्रयी विखुरली. यावरचे लाडके स्पष्टीकरण असे, की जॅझच्या लयीत रमलेल्या या मंडळींना अचानक राजकारणाचे वेड लागले आणि श्रोता दुरावला.

'अचानक'? गर्भपाताच्या हक्कावरचे 'ला फाम फेताल' पहिल्याच अल्बममध्ये होते. ग्रॅमी स्वीकारताना बटरफ्लायने महागड्या आसनांवरील प्रेक्षकांना दाराबाहेरच्या बेघरांची आठवण करून दिली होती. राजकारण आधीपासूनच होते. श्रोत्यांनी त्याकडे कानाडोळा करून केवळ ठेका उचलला होता. दुसऱ्या अल्बमने ती सोय ठेवली नाही. त्याच्या नावातच आफ्रो केशरचनेची फणी आहे, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतील कृष्णवर्णीय अस्मितेची खूण. सोबतची पुस्तिका ब्लॅक पँथर पक्षाच्या वृत्तपत्राच्या धर्तीवर मांडलेली. (याच पँथरवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले. मराठी वाचकाला तरी ही खूण उलगडून सांगावी लागू नये.)

संगीतही बदलले. जुन्या ध्वनिमुद्रिकांतून उचललेल्या तुकड्यांच्या जोडीला प्रत्यक्ष वाजवलेली वाद्ये अधिक आली, गाणी ऐसपैस झाली. रेडिओवर पहिल्याच फटक्यात चिकटेल असे गाणे त्यात नव्हते, हे मान्यच करावे लागेल.

'गँगस्टा रॅपने गिळले' हा दुसरा युक्तिवाद तर निव्वळ आळस. 'द क्रॉनिक' डिसेंबर १९९२ मध्येच आला होता. 'रीचिन' त्याच्या ऐन भरात खपला. या युक्तिवादात एक साधी गोष्ट नेहमी गळते: पहिल्या वेळी 'पेंड्युलम' या लेबलच्या पाठीशी इलेक्ट्रा होती, दुसऱ्या वेळी ईएमआय. वितरक बदलल्याचा विचार न करता कलावंतांच्या विचारसरणीवर खापर फोडणे, यास इतिहासलेखन म्हणत नाहीत.

२०१३ मध्ये 'लाइट इन द अ‍ॅटिक' ने हा अल्बम पुन्हा तबकडीवर आणला. 'पडलेला' म्हणून ज्यांनी तो कधी लावलाच नाही, त्यांनी 'डायल ७' पासून सुरुवात करावी.