विमानाच्या पंखात चुणी पडली तर? कार्बनच्या कापडाचं अवघड गणित

17 ऑक्टोबर 2025 ला नाशिकच्या एचएएलमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस एमके-1ए आकाशात झेपावलं. चर्चा झाली ती अमेरिकेतून उशिरा येणाऱ्या इंजिनांची. पण या विमानाच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे 45 टक्के वाटा कंपोझिटचा आहे आणि ते बनवणंही सोपं नाही.

कंपोझिट म्हणजे काय? कार्बनच्या धाग्यांचं कापड किंवा पट्ट्या रेझिनमध्ये मुरवायच्या, साच्यावर थरावर थर लावायचे, मग उष्णता आणि दाब देऊन कडक करायचे. वजन कमी, ताकद भरपूर. बोईंग 787 च्या वजनातही सुमारे निम्मा भाग कंपोझिटचाच आहे.

अडचण कुठे येते?

वाटीवर रुमाल बसवून पाहा, कडेला चुण्या पडतातच. कार्बनचा धागा तर जवळपास ताणलाच जात नाही. मग विणलेलं कापड गोलाईवर बसतं कसं? उभ्या-आडव्या धाग्यांमधला काटकोन मोडतो आणि कापड तिरकं सरकतं. शिंप्यांना हे कधीचं माहीत आहे, म्हणूनच गळ्याची पायपिंग तिरकी कापतात. पण सरकण्यालाही मर्यादा असते. धागे एकमेकांना भिडले की कापड जागा शोधत वर उचललं जातं. तीच चुणी.

ब्लाउजची चुणी इस्त्रीने जाते, पण पंखातली रेझिन कडक झाल्यावर कायमची राहते. धाग्याची ताकद तो सरळ असण्यात आहे. तो वाकला की दाबाखाली भाग लवकर दगा देऊ शकतो. नेहमीची रेझिन पुन्हा वितळत नाही, त्यामुळे महागडा भाग थेट भंगारात जाऊ शकतो.

संशोधन काय सांगतं?

साच्याला हात लावण्याआधीच चुणी कुठे पडेल हे कॉम्प्युटरवर ओळखण्याचा प्रयत्न सुरू आहे. फ्रान्समधल्या इन्सा ल्यों या संस्थेतील फिलिप ब्वास यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवलं की फक्त तिरकं सरकणं मोजून भागत नाही. कापड वाकायला किती विरोध करतं, यावर चुणीचा आकार ठरतो.

पण कॉम्प्युटरला द्यायचे आकडेच डळमळीत असतील तर? अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी एकाच प्रकारच्या कापडांची चाचणी घेतली. 2008 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा आकड्यांत बरीच तफावत होती. कापड चौकटीत कसं पकडलं, एवढ्यानेही फरक पडतो. एवढ्या प्रगत क्षेत्रासाठी ही गोष्ट थोडी लाजिरवाणीच.

आता हे महत्त्वाचं का?

हवाई दलाने आधी 83 आणि सप्टेंबर 2025 मध्ये आणखी 97 तेजस मागवली आहेत. हाताने थर लावताना कुशल कामगार चुणी बोटाने सारून काढू शकतो. पण वेग वाढवायचा तर मशीन येणार. थर्मोप्लास्टिक कंपोझिटचा गरम थर प्रेसमध्ये काही मिनिटांत आकार घेतो. तिथे मध्येच हात घालायला जागा नसते.