दोन आठवड्यांची ताई

रात्रीचे अकरा वाजलेले. मोबाइलवर आयटीवाल्या मैत्रिणीचं नाव. अशा वेळी दोनच शक्यता असतात, एक तर ब्रेकअप किंवा अप्रेझल. यावेळी तिसरंच निघालं.

‘‘मी ग्वाटेमालाला चाललेय. दोन आठवडे. व्हॉलंटियरिंग!’’

मी म्हटलं, ‘‘ग्वाटेमाला? ते नक्की कुठे येतं गं?’’

‘‘मेक्सिकोच्या खाली. अगं, माया लोकांचं गाव आहे, तळ्याकाठी. तिथल्या पाळणाघरात लहान मुलांना सांभाळायचं, गाणी शिकवायची. फोटो बघ, जाम गोड मुलं आहेत! आणि एक काम कर ना प्लीज. तुम्हाला हे का करावंसं वाटतं, यावर तीनशे शब्द लिहून द्यायचेत. तू पत्रकार आहेस, तुझ्या डाव्या हाताचा मळ!’’

आता मास कॉम केलेल्या प्रत्येकाच्या नशिबी हे येतंच. मित्रांचे बायोडेटा, बहिणीच्या लग्नाची पत्रिका, सोसायटीची नोटीस... सगळं आपल्या गळ्यात. तर म्हटलं, देते लिहून. कॉफी केली, लॅपटॉप उघडला. पहिलं वाक्य टाइप केलं, ‘मला लहान मुलं खूप आवडतात.’ आणि गाडी तिथेच थांबली. कारण मला उचगाव आठवलं.

उचगाव म्हणजे माझ्या आत्याचं गाव. पुण्याहून हायवेने कोल्हापुरात शिरताना तावडे हॉटेलचा स्टॉप येतो ना, तिथून अगदी जवळ. शेजारी गांधीनगर, कापडाच्या होलसेल बाजाराचं. पलीकडे गोकुळ शिरगावची एमआयडीसी. उरलेल्या जागेत ऊस. म्हणजे गाव म्हणावं तर शहर, शहर म्हणावं तर ऊस आडवा येतो. इथल्या बायका सकाळीच बाहेर पडतात. कुणी दुकानात, कुणी कारखान्यात, कुणी भांगलायला. मग घरातलं तीन वर्षांचं पोर कुठे जातं? अंगणवाडीत. माझी आत्या तिथल्याच एका वस्तीवर अंगणवाडी सेविका आहे. सव्वीस वर्षं झाली.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर माझ्याकडे दोन आठवडे काम नव्हतं. फ्रीलान्सर मंडळींना ही अवस्था चांगलीच माहीत असेल. म्हटलं, चला, आत्याकडे जाऊ. थोडी समाजसेवा होईल, एखादं फीचरही निघेल. गेले. आणि काय सांगू, पहिल्या दिवसापासून सॉलिड हिट! शहरातली ताई, जीन्सवाली, मोबाइलवर गाणी लावणारी. मी पोरांना इंग्लिश गाणी शिकवली, कागदाची विमानं केली, शंभरेक फोटो काढले. एक होती लाल रिबीनवाली, चार वर्षांची. ती तर माझ्या ओढणीचं टोक सोडायची नाही. खिचडीही माझ्याच शेजारी बसून खायची. शेवटच्या दिवशी निघताना तिने विचारलं, ‘‘उद्या येनार न्हवं?’’

मी म्हटलं, ‘‘येतो की.’’

संध्याकाळी साडेपाचच्या एसटीने पुण्याला आले.

फेब्रुवारीत परत गेले तेव्हा तिच्यासाठी खडूंची पेटी घेतली होती. ती आत्याच्या पाठीमागे लपली. बाहेर येईचना. पेटीला हातसुद्धा लावला नाही. मी म्हटलं, विसरली वाटतं मला. आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘इसरल कशाला? तू गेल्यावर आठ दिवस दारात हुबी ऱ्हायची. मग न्हाई ऱ्हायली.’’

बस. एवढंच बोलली. पुढे तासभर मी भिंतीवरच्या तक्त्यातली फळं मोजत बसले होते.

आता तुम्ही म्हणाल, काय एवढं मनाला लावून घ्यायचं? लहान मूल आहे, विसरेल. तेही खरंच. संध्याकाळी आई घरी येते, आजी असते, आत्या रोज दिसते. तिचं काही कायमचं बिघडलं नाही. पण जिथे मुलाला परत जायला घरच नसतं तिथे हाच प्रकार जड जातो. 2010 साली लिंडा रिश्टर आणि एमी नॉर्मन या दोन संशोधकांनी आफ्रिकेतल्या अनाथालयांत थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या परदेशी व्हॉलंटियरांबद्दल लिहिलं. मुद्दा साधा होता. आधीच माणसं गमावलेल्या मुलाला जीव लावायचा आणि पंधरा दिवसांनी निघून जायचं, मग पुढची बॅच येणार, तीही जीव लावून निघून जाणार. प्रत्येक वेळी मूल पुन्हा एकटं पडतं. पाळणाघर म्हणजे अनाथालय नव्हे, हे मान्य. पण दारात आठ दिवस उभं राहणारी मुलगी मी माझ्या डोळ्यांसमोरून घालवू शकत नाही.

मग मी ग्वाटेमालाबद्दल वाचायला बसले. आणि जसजसं वाचत गेले तसतसं ते लांबचं वाटेना. तिथली माया माणसं मक्याची गोल भाकरी थापतात, बाळ पाठीशी कापडात बांधून कामाला जातात. वीसहून जास्त माया भाषा आहेत, म्हणजे कितीतरी मुलांच्या घरात स्पॅनिशसुद्धा नाही. आपली मैत्रीण कुठली भाषा बोलणार? इंग्लिश, आणि मोबाइलवर शिकलेली चार वाक्यं स्पॅनिश. 1960 ते 1996, तब्बल छत्तीस वर्षं त्या देशात यादवी युद्ध चाललं आणि त्यात सगळ्यात जास्त मेले ते माया लोकच. पाच वर्षांखालच्या जवळजवळ निम्म्या मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरते. कारण उघड आहे, वर्षानुवर्षं पोटाला पुरेसं मिळत नाही.

पण मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते वेगळंच. 1991 मध्ये तिथल्या सरकारने एक योजना सुरू केली, वस्तीतल्या घरांमधल्या पाळणाघरांची. वस्तीतलीच एखादी बाई आपल्या घरात जास्तीत जास्त दहा मुलं सांभाळणार, त्यांना जेवू घालणार, आणि त्यांच्या आया निवांत कामाला जाणार. वाचता वाचता मी थांबले. अरेच्चा, हा तर आत्याचा सोपा!

कारण आपल्या अंगणवाडीची एक अडचण आहे. ती दुपारीच सुटते, आणि आया कामावरून येतात दिवेलागणीला. मधल्या वेळात पोरांचं काय? आत्याच्या घरच्या सोप्यात रोज चार-पाच पोरं झोपलेली असतात. कुणाची आई भांगलायला गेलेली, कुणाची एमआयडीसीत. आत्या याचे पैसे घेत नाही. विचारलं तर म्हणते, ‘‘कुटं जातील मग ती?’’ अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची केंद्र सरकारची पाळणा योजना 2022 मध्ये आली खरी, पण गावोगावी अजून सोप्यावरच भिस्त आहे.

आणि ही अंगणवाडी आली कुठून, ठाऊक आहे? आपल्याच महाराष्ट्रातून. ताराबाई मोडक म्हणजे मुंबईच्या ग्रॅज्युएट, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या. एकदम शहरी बाई. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा या बायाच वस्तीवर गेल्या. कुणाच्या तरी अंगणात मुलांना गोळा करायचं, अंघोळ घालायची, केस विंचरायचे. शिंपले, खडे, पानं, बिया हीच खेळणी. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी! पुढे 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात, म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीलाही शिकता यावं. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्यामुळे अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

म्हणजे ताराबाई, अनुताईही बाहेरूनच आल्या होत्या. तेव्हा बाहेरून येण्यात काहीच चूक नाही. फरक आहे तो मुक्कामाचा. अनुताई 1945 मध्ये आल्या आणि 1992 मध्ये गेल्या, त्या जगातूनच. सत्तेचाळीस वर्षं. या काळात त्यांनी तिथल्याच बायकांना तयार केलं, म्हणजे उद्या आपण नसलो तरी मुलांना दारात उभं राहायला लागू नये.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगत होते. तिला म्हटलं, परदेशात जाऊन फुकट काम करायला लोक स्वतःचे पैसे भरतात, याला व्हॉलंटियर म्हणतात. आत्या हसली. ‘‘मग आमी कोन?’’

खरंच की! सरकारच्या कागदावर अंगणवाडी सेविका ‘मानसेवी’ आहे. तिला पगार नसतो, मानधन असतं. म्हणजे सरकारी हिशेबाने माझी आत्या सव्वीस वर्षं व्हॉलंटियरिंगच करतेय! सकाळी मुलं गोळा करा, शिकवा, गरम आहार द्या, दर महिन्याला वजन-उंची घ्या, गरोदर बायकांच्या घरी जा, लसीकरणाला आया-बाळं जमवा आणि हे सगळं मोबाइलमध्ये भरा. या सेविकांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी, हे सांगायला 2022 मध्ये सुप्रीम कोर्ट लागलं. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या, तो संप जानेवारी संपत आला तेव्हा मिटला. त्या दिवसांत आपल्यापैकी कितीजणांनी ती बातमी शेवटपर्यंत वाचली? मीही नव्हती वाचली. आत्या त्या संपात होती, हे मला नंतर कळलं.

मी विचारलं, ‘‘आत्या, तुला खरी मदत कसली हवी सांग.’’ मला वाटलं, खेळणी म्हणेल, रंगीत तक्ते म्हणेल. ती म्हणाली, ‘‘पोरास्नी मी बगतो. तू माजा मोबाइल बग.’’ माहिती भरताना मोबाइल अडकतो, नेट जातं, पुन्हा पहिल्यापासून. रात्री दहापर्यंत बसते. म्हणजे बघा, मी गेले होते तिचं काम करायला, जे तिला माझ्यापेक्षा दसपट चांगलं येतं. आणि जे मला डोळे मिटून येतं, ते मी तिला विचारलंच नव्हतं.

मंडळी, एक गोष्ट आपल्या अगदी जवळची. आपण ज्या टू-बीएचकेचे हप्ते भरतोय, त्या बिल्डिंगच्या वाळूच्या ढिगावर कुणाचं तरी दोन वर्षांचं पोर बसलेलं होतं. 1969 मध्ये दिल्लीत एका बांधकामावर मीरा महादेवन यांना असंच दृश्य दिसलं आणि मोबाइल क्रेशेस सुरू झालं. पुढे हे काम मुंबईत, पुण्यातही आलं. आणि आपलं ऑफिस? 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तुमच्या ऑफिसात कुठे आहे ती? आणि असलीच, तर मजला झाडणाऱ्या मावशींचं मूल तिथे चालतं का? सोमवारी एचआरला हे विचारायला ना व्हिसा लागतो ना विमानाचं तिकीट.

तर ते तीनशे शब्द. मी मैत्रिणीला लिहून दिले नाहीत. त्याऐवजी तीन प्रश्न पाठवले. तुझ्याआधी तिथे रोज मुलांना कोण सांभाळतं? तुझ्या पैशातला किती भाग तिला मिळतो? आणि तू निघालीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं कुणाकडे जातील? म्हटलं, हे त्या लोकांना विचार. उत्तर चांगलं आलं तर खुशाल जा, मी एअरपोर्टला सोडायला येईन.

ती दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी फोन आला. ‘‘विचारलंय. बघू काय म्हणतात. आणि अगं, हिशेब ठेवायला, कॉम्प्युटर शिकवायला माणूस हवाय का, तेही विचारलंय. इकडे बसून, वर्षभर जमेल मला.’’ कोडिंगवाली पोरगी, गाण्यांपेक्षा हेच तिला जास्त जमेल, असं माझं मत. तिला अजून सांगितलेलं नाही.

माझं म्हणाल, तर मी आता महिन्यातून एकदा उचगावला जाते. शनिवारी. आत्याचा मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसते, अडकलेली माहिती भरते. पोरांमध्ये फारशी मिसळत नाही. लाल रिबीनवाली आता मोठ्या शाळेत जायला लागेल. मागच्या वेळी ती जवळ येऊन उभी राहिली, स्क्रीनमध्ये डोकावली. मग म्हणाली, ‘‘उद्या येनार?’’

मी म्हटलं, ‘‘न्हाई. फुडच्या म्हैन्यात.’’

तिने थोडा विचार केला, मान हलवली आणि खेळायला पळाली.