डेंटलच्या पोरांना टाइमटेबल शिकवणाऱ्यांनो, आधी परीक्षेची तारीख तरी पक्की करा

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात बीडीएस झालेलं किंवा होऊ घातलेलं लेकरू आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी दातदुखीच्या वेळी आठवण काढतात तशी निदान आत्ता काढा.

आमच्या भागात सध्या नीट एमडीएसच्या 'अभ्यास नियोजना'वर मार्गदर्शनाचा सुकाळ आलाय. कुणी १८० दिवसांचा प्लॅनर विकतंय, कुणी ९० दिवसांचा. रंगीत तक्ते, पहाटे पाचचा अलार्म, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, रोज इतके एमसीक्यू सोडवा. या सगळ्या उपदेशाचा मथितार्थ एकच: सीट मिळाली नाही तर तुमचं नियोजन चुकलं.

मी तालुक्याच्या गावात क्लिनिक चालवते. दरवर्षी एखाद-दुसरी नवी बीडीएस झालेली मुलगी माझ्याकडे अर्धा दिवस काम करते आणि उरलेल्या वेळात एमडीएसच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते. त्यामुळे हे टाइमटेबल कागदावर कसं दिसतं आणि प्रत्यक्षात त्याचं काय होतं, ते जवळून बघते. माझं स्पष्ट मत आहे की यातल्या बहुतेक मुलांचं नियोजन चुकत नाही. ज्या तारखेवर नियोजन उभं करायचं ती तारीखच जागेवर राहत नाही.

हिशेब बघा. सगळं जाहीर आहे, कुणीही तपासावं.

२०२२ ची नीट एमडीएस ६ मार्चला होती, झाली २ मेला. २०२३ ची ८ जानेवारीला होती, झाली १ मार्चला. २०२४ ची ९ फेब्रुवारीला होती, झाली १८ मार्चला. २०२५ साठी आधी ३१ जानेवारी ही संभाव्य तारीख दिली, परीक्षा झाली १९ एप्रिलला. म्हणजे अनुक्रमे ५७, ५२, ३८ आणि ७८ दिवसांचा फरक. सलग चार वर्षं. एखाद्या विद्यार्थ्याचं टाइमटेबल असं सलग चार वेळा घसरलं असतं, तर याच मार्गदर्शकांनी त्याला स्टेजवर उभं करून शिस्तीवर भाषण दिलं असतं.

आता कुणीतरी म्हणणारच, "अहो मॅडम, पुढे गेली म्हणजे वेळ जास्त मिळाला ना! चांगलंच झालं की." हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकलंय, प्राध्यापकांच्याही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

या परीक्षेत २४० प्रश्न आणि तीन तास. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. बरोबर आलं तर चार गुण, चुकलं तर एक वजा. २०२५ पासून पेपरचे दोन भाग झाले आणि दोन्हींना वेगळी वेळ, पहिल्याची वेळ संपली की मागे फिरता येत नाही. पहिल्या भागात १०० प्रश्न: शरीररचना, शरीरक्रिया, बायोकेमिस्ट्री, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी, दातांची रचना, डेंटल मटेरियल. यातलं बरंचसं पहिल्या दोन वर्षांत शिकलेलं आणि इंटर्नशिपपर्यंत विसरलेलं. दुसऱ्या भागात १४०: हिरड्या, कवळ्या, तारा, लहान मुलांचे दात, रूट कॅनाल, शस्त्रक्रिया, सार्वजनिक दंतआरोग्य वगैरे.

एवढा पसारा सहा महिन्यांत बसवायचा तर कुठलीही शहाणी मुलगी तो उलटा मोजते, परीक्षेच्या दिवसापासून मागे. शेवटचे पंधरा दिवस फक्त आकड्यांचे. कोणता दात कोणत्या वयात येतो, तारांच्या तपासणीतले कोन, प्लास्टर घट्ट होण्याच्या वेळा, औषधांचे डोस. हे डोक्यात जास्त दिवस टिकत नाही म्हणूनच शेवटी ठेवायचं. त्याआधी तीन आठवडे पूर्ण पेपरचा सराव, परीक्षा ज्या वेळेला असेल त्याच वेळेला बसून. त्याच्याआधी दुसरी उजळणी, आणि सगळ्यात आधी शंभरेक दिवसांचं पहिलं वाचन. माझ्याकडच्या मुलीला मी एवढंच सांगते की सुरुवात पहिल्या दोन वर्षांच्या विषयांनी कर, आठवड्यातला एक दिवस मोकळा ठेव, कारण ताप येतो, पाहुणे येतात, पेशंट येतात. याच्यासाठी प्लॅनर विकत घ्यायची गरज नाही, शंभर पानी वही पुरते.

पण हे सगळं एका खिळ्याला टांगलेलं असतं. तो खिळा म्हणजे तारीख.

तो उपटला की काय होतं? २०२४ चीच गोष्ट घ्या. परीक्षा ९ फेब्रुवारीला म्हणून जानेवारीत जी मुलं शेवटच्या टप्प्यात होती, त्यांना जानेवारीतच कळलं की आता १८ मार्च. पाठ केलेले आकडे महिनाभर डोक्यात धरून ठेवता येत नाहीत. म्हणजे तो टप्पा पुन्हा करायचा, त्याच्याआधीचा सरावही पुन्हा. दोन महिने भाड्याने घेतलेली खोली साडेतीन महिने ठेवायची. "फेब्रुवारीनंतर पूर्ण वेळ येते" असा शब्द दिलेला असतो त्या क्लिनिकवाल्याला पुन्हा फोन करायचा. ज्याच्या घरून पैसे येतात त्याचं ठीक, पण रोज संध्याकाळी दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये दाढा साफ करून मेसचे पैसे काढणाऱ्या मुलीला हे ३८ दिवस फुकट मिळालेले नसतात, ते तिने विकत घेतलेले असतात.

आणि मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच प्लॅनरमध्ये नसते. घरी एक करार झालेला असतो: "परीक्षा होऊ दे, मग स्थळं बघू." परीक्षा पुढे गेली तरी स्थळं पुढे जात नाहीत. माझ्याकडच्या एका मुलीने साखरपुड्याच्या आठवड्यात मॉक टेस्ट दिल्यात, मेंदी लावलेल्या हाताने माउस धरून. तिला कुठला मार्गदर्शक वेळेचं व्यवस्थापन शिकवणार होता?

आता दुसरी बाजू. ती टाळून चालणार नाही. परीक्षा पुढे ढकला ही मागणी अनेकदा विद्यार्थीच करतात. ट्विटरवर हॅशटॅग चालवतात, दिल्लीत वकील उभे करतात. मग दोष कुणाचा? आळशी पोरांचा?

तर नाही. ही मागणी करणारी बहुतेक मुलं इंटर्नशिपच्या कट-ऑफमध्ये अडकलेली असतात. नियम असा की साधारण ३१ मार्चपर्यंत तुमची वर्षभराची इंटर्नशिप पूर्ण पाहिजे, तरच परीक्षेला बसता येतं. पण इंटर्नशिप सुरू कधी होते? अंतिम वर्षाचा निकाल लागल्यावर. निकाल कधी लागतो? ज्या त्या विद्यापीठाच्या मर्जीने. एका राज्यातली बॅच फेब्रुवारीत मोकळी होते, दुसऱ्या राज्यातली मे-जूनमध्ये. अभ्यास सारखाच, डिग्री सारखीच, पण एकाला परीक्षा मिळते आणि दुसऱ्याचं वर्ष जातं. मग ज्याचं वर्ष जातंय तो ओरडणार, आणि ज्याची तयारी झालीय तो त्याच्या नावाने बोटं मोडणार. एकाच कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसणारी पोरं एकमेकांचे वैरी होतात. व्यवस्थेला हे भांडण फार सोयीचं असतं.

२०२४ मध्ये यावर काढलेला तोडगा ऐकण्यासारखा आहे. कट-ऑफ ३१ मार्चवरून ३० जूनपर्यंत वाढवला. छान. पण कधी? मार्च महिन्यात. नव्याने पात्र झालेल्यांसाठी अर्जाची खिडकी ९ मार्चला उघडली, तीन दिवसांनी बंद केली, आणि परीक्षा १८ मार्चलाच घेतली. म्हणजे ज्याला आधी सांगितलं होतं की तू पात्रच नाहीस, त्याला नऊ दिवसांवर परीक्षा असताना सांगितलं की ये, बस. करा नियोजन! आहे का कुणाकडे नऊ दिवसांचा रंगीत तक्ता?

परीक्षा झाली म्हणजे सुटका झाली असंही नाही. १६ डिसेंबर २०२० ला झालेल्या परीक्षेचा निकाल ३१ डिसेंबरला लागला. पंधरा दिवसांत निकाल, कौतुक करायला हवं. पण प्रवेशाचं काउन्सेलिंग सुरू व्हायला ऑगस्ट २०२१ उजाडला, तेही विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. कोविड होता, मान्य. पण गुणपत्रिका हातात घेऊन आठ महिने ही मुलं काय करत होती? नोकरी धरावी तर प्रवेश कधी लागेल सांगता येत नाही, पुढच्या परीक्षेचा अभ्यास धरावा तर आधीच्याच परीक्षेत सीट लागेल की काय ही आशा. त्या आठ महिन्यांचं टाइमटेबल कुणी लिहून दाखवावं.

हीच संस्था डॉक्टरांची नीट पीजीही घेते. २३ जून २०२४ ची परीक्षा २२ जूनच्या रात्री पुढे ढकलली, तेव्हा मुलं परगावच्या सेंटरजवळ लॉजवर झोपायच्या तयारीत होती. त्याची टीव्हीवर चर्चा तरी झाली. डेंटलवाल्यांच्या तारखा हलतात तेव्हा बातमी आतल्या पानावर, चार ओळींची. आमच्या गावातही लोक विचारतात, "डेंटलला पण पुढे शिकायला परीक्षा असते का?" असते बाबांनो. तुमच्या आईचा जबडा मोडला की जो सर्जन शोधत जिल्ह्याच्या गावी पळता, तो याच परीक्षेतून येतो.

"भारतात हे असंच चालायचं" असं म्हणणाऱ्यांसाठी: यूपीएससी वर्षभर आधी कॅलेंडर काढते. २०२४ ची पूर्व परीक्षा लोकसभा निवडणुकीमुळे २६ मेवरून १६ जूनला गेली, पण कारण सगळ्या देशाला दिसत होतं आणि सांगितलं दोन महिने आधी. अपवाद होतो, त्याला कारण असतं. नीट एमडीएसमध्ये अपवादच नियम झालाय. आणि एमपीएससीवाल्यांना तर हे मी सांगायलाच नको, मार्च २०२१ मध्ये पुण्यात पोरं रस्त्यावर का उतरली होती ते सगळ्यांना आठवतंय. ती उतरली म्हणून तारीख आठवड्यात मिळाली. डेंटलचे इंटर्न रस्त्यावर उतरत नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी ओपीडीत हजेरी आणि लॉगबुकवर सही लागते.

शेतकऱ्याचं नियोजन पावसावर असतं, पाऊस कुणाच्या हातात नाही, म्हणून आपण त्याला दोष देत नाही. परीक्षेची तारीख म्हणजे पाऊस नव्हे. ती दिल्लीत टेबलाभोवती बसून माणसं ठरवतात. त्यांना तीन गोष्टी आधीच्या वर्षी ठरवता येत नाहीत का, की सगळ्या विद्यापीठांची अंतिम वर्षाची परीक्षा कोणत्या महिन्यात संपवायची, इंटर्नशिप कोणत्या तारखेला सुरू करायची आणि त्यावरून प्रवेश परीक्षा कधी घ्यायची? आमचं नाशिकचं आरोग्य विद्यापीठ राज्यभराचं वेळापत्रक लावतंच ना. देशाचं लावायला कुठलं रॉकेट उडवायचंय?

हे आत्ता बोलायचं कारणही आहे. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात डेंटलसाठी नॅशनल एक्झिट टेस्टची तरतूद आहे. अंतिम वर्षाची एकच सामाईक परीक्षा, तिच्यावरच प्रॅक्टिसचं लायसन्स आणि तिच्यावरच एमडीएसचा प्रवेश. आज तारीख हलली तर एमडीएस करू इच्छिणाऱ्यांचं नुकसान होतं. उद्या त्या परीक्षेची तारीख अशीच हलली, तर बीडीएस झालेल्या प्रत्येक पोराचं लायसन्स लटकेल. परीक्षेचे नियम पक्के होण्याआधीच तारखेचा आणि कट-ऑफचा नियम त्यात लिहून घ्यायला हवा: किमान नऊ महिने आधी तारीख जाहीर, आणि नंतर बदलायची असेल तर लेखी कारण देऊनच.

यासाठी आपल्या खासदारांच्या कार्यालयात निवेदन द्यायचं ठरवलंय. त्याला नुसत्या भावना नको, आकडे हवेत. म्हणून एक काम करा. तुमच्या घरात, वाड्यात, ओळखीत डेंटलचा इंटर्न असेल तर खाली कमेंटमध्ये एवढंच लिहा: कॉलेज कोणत्या जिल्ह्यात, अंतिम वर्षाचा निकाल कोणत्या महिन्यात लागला, इंटर्नशिप कोणत्या तारखेला संपतेय. मुलाचं किंवा कॉलेजचं नाव लिहू नका, उगाच एखाद्याची सही अडकायची. रविवार रात्रीपर्यंत जेवढं येईल तेवढ्याचा तक्ता करते आणि सोमवारी दुपारी क्लिनिक बंद असतं तेव्हा घेऊन जाते. सोबत कुणी येणार असेल तर साडेबाराला एसटी स्टँडसमोर या.