अकराव्या तासाचे कामकरी

मत्तयलिखित शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आहे. दिवस मावळायला जेमतेम एक तास उरलेला असताना धनी पुन्हा एकदा चौकात जातो, तेव्हा तेथे काही माणसे अजून उभीच असतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे तो विचारतो. आम्हाला कोणी कामावर लावले नाही, असे ते सांगतात. या दाखल्यावरील प्रवचनांत धन्याच्या औदार्याचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्या माणसांच्या उत्तराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती माणसे आळशी नव्हती. ती सकाळपासून चौकात हजर होती. त्यांना कोणी बोलावलेच नव्हते, एवढाच त्यांचा अपराध होता.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात अशी मुले-मुली आहेत. त्यांचा बाप्तिस्मा झाला आहे, प्रथम ख्रिस्तप्रसाद व दृढीकरण झाले आहे आणि रविवारी ती मिस्सेला नेमाने येतात. शाळा सुटल्यावर मात्र त्यांना कोणीही कोठे बोलावीत नाही. शिकण्यात ज्यांना अडचण येते त्या या तरुणांविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, आणि स्पष्टच लिहिणार आहोत.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. 'अभ्यासात मागे' या एकाच शब्दप्रयोगात आपण दोन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. काही मुलांची बुद्धी सर्वसाधारण किंवा तल्लखही असते; परंतु अक्षरे, लेखन वा आकडे यांपाशी त्यांची गाडी अडते. ही अध्ययन अक्षमता. दुसऱ्या मुलांची एकूण आकलनाची गतीच संथ असते. पूर्वी त्यांना मतिमंद म्हणत, आता बौद्धिक अक्षमता असे म्हणतात. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात अध्ययन अक्षमतेला स्थानच नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातऐवजी एकवीस प्रकार मान्य केले, त्यात तिचा समावेश झाला. दोन्ही प्रकारच्या मुलांच्या गरजा वेगळ्या आहेत, पण अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर दोघांच्याही वाट्याला बहुधा एकच गोष्ट येते: घराचा ओटा.

शाळेपुरते काही प्रयत्न झाले, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांची माफी, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय अशा त्या सवलती होत्या. हजारो मुलांना त्यांचा आधार झाला. परंतु ही सगळी व्यवस्था मुलाला परीक्षेच्या दारातून पलीकडे ढकलण्यासाठी आहे. पलीकडे काय आहे, हे कोणी पाहिले नाही. आणि ज्या शाळा शंभर टक्के निकालाचा फलक वेशीवर टांगतात, त्यांतील काही शाळा अशा मुलाला नववीतच 'दुसरीकडे प्रयत्न करा' असे सुचवितात. फलकावरील त्या शंभरांत न मोजली गेलेली मुले कोठे गेली, हा प्रश्न पालकसभेत कोणी विचारीत नाही.

जिचे मूल संथ आहे अशा आईच्या मनात एकच प्रश्न असतो. "फादर, आमच्या मागे त्याचे काय?" घरभेटीच्या वेळी हा प्रश्न आमच्या कानी इतक्या वेळा आला आहे की त्यावर प्रार्थनेचे आश्वासन देऊन उठणे हे आता आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती, आणि बौद्धिक अक्षमता असलेले सुमारे १५ लाख. कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा या वयापुरता दिला आहे. मूल अठरा वर्षांचे होते तेव्हा आई पंचेचाळीस-पन्नासची असते. त्यापुढील वीस-पंचवीस वर्षे ती त्याला सांभाळते, आणि मग एक दिवस सांभाळणारी जाते. मुलगा तेव्हा चाळिशीत असतो. त्याने कधी एकट्याने बसचे तिकीट काढलेले नसते.

या परिस्थितीवर आपल्या समाजात तीन उत्तरे ठरलेली आहेत. ती तिन्ही आम्हाला अमान्य आहेत.

पहिले उत्तर भक्तिभावाचे आहे. 'ती देवाची लेकरे आहेत, निष्पाप आहेत. त्यांना कशाला कामाला जुंपायचे? बसून खाऊ देत.' ऐकायला हे गोड लागते. परंतु देवाचे लेकरू म्हणून ज्याला कायम लेकरूच ठेवले जाते, त्याचे मोठे होणे आपण नाकारीत असतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर जे विश्वपत्र लिहिले, त्याचा एक स्वतंत्र परिच्छेद अपंग व्यक्तींच्या कामाविषयी आहे. त्यांना उत्पादनप्रक्रियेत, त्यांच्या शक्तीनुसार, पूर्ण माणूस म्हणून स्थान मिळाले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. श्रम ही शिक्षा नसून माणसाची प्रतिष्ठा आहे, असे आपण १ मे रोजी संत जोसेफच्या सणाला सांगतो. ती प्रतिष्ठा फक्त हुशार मुलांसाठी राखीव आहे काय?

दुसरे उत्तर मेणबत्त्यांचे आहे. अशा तरुणांना एका खोलीत बसवून मेणबत्त्या, कागदी पिशव्या किंवा शुभेच्छापत्रे करावयास द्यायची आणि नाताळात चर्चच्या आवारात मेज मांडून ती विकायची. माणसे दहा रुपयांची वस्तू पन्नासला घेतात, ती मेणबत्ती घरी कधी पेटविली जात नाही, आणि पुढल्या डिसेंबरपर्यंत त्या मुलांची आठवण होत नाही. हात गुंतविणे म्हणजे शिक्षण नव्हे. व्यवसायशिक्षणाची कसोटी अगदी साधी आहे: गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते काय? मुंबईत १९९१ साली स्थापन झालेल्या 'ओम क्रिएशन्स' या संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रिया खाद्यपदार्थ व हस्तकलेच्या वस्तू करतात. जुहूचे 'कॅफे अर्पण' २०१८ साली सुरू झाले. तेथे असे प्रौढ स्त्री-पुरुष स्वयंपाकघरात राबतात आणि गिऱ्हाइकांना वाढतात. अशा ठिकाणी येणाऱ्याला चवीचा पदार्थ हवा असतो. तो चांगला नसेल तर केवळ दयेपोटी रोज कोणी येणार नाही.

तिसरे उत्तर व्यवहारी माणसाचे आहे. 'धडधाकट पोरांना नोकऱ्या नाहीत, तेथे यांचे काय घेऊन बसलात?' सकाळपासून राबलेल्या कामकऱ्यांची कुरकुर दाखल्यातही आहे. तिला आमचे उत्तर असे की धडधाकट मुलाला नोकरी नसेल तर तो दुसरी शोधू शकतो, गाव सोडू शकतो, परदेशी जाऊ शकतो. संथ मुलाला कोणीतरी येऊन बोलवावेच लागते. शिवाय काही कामे त्याच्या हाती अधिक शोभतात. रोपवाटिकेत पिशव्या भरणे, बेकरीत खारी-बिस्किटांची पाकिटे बांधणे, इस्पितळात चादरींच्या घड्या करणे, ग्रंथालयात पुस्तके क्रमाने लावणे अशा कामांत हुशार मुलगा आठवड्याभरात कंटाळतो. ज्याला ठरलेल्या क्रमात सुख वाटते, तो तेच काम वर्षानुवर्षे चोख करू शकतो.

मग शिक्षण कशाचे द्यायचे? हातातील कौशल्य हा त्याचा लहानसा भाग आहे. कोणतेही काम लहान लहान पायऱ्यांत फोडून, एकेक पायरी पक्की करून घेत शिकविता येते, हे विशेष शिक्षकांना ठाऊक असते. त्याहून अवघड आहे ते कामाभोवतीचे जग: घड्याळ पाहून घराबाहेर पडणे, बस चुकली तर काय करायचे ते समजणे, शंभराच्या नोटेची मोड मोजून घेणे, स्वच्छ राहणे, मुकादम रागावला तर रडत घरी न जाणे, आणि कोणी अंगाला हात लावला किंवा पैसे मागितले तर ठामपणे 'नाही' म्हणणे. हे वर्गात फळ्यावर शिकविता येत नाही. वर्गात खोट्या नोटा मोजणाऱ्या मुलाला दुकानात खऱ्या नोटा मोजता येतीलच असे नाही. म्हणून जेथे काम करायचे तेथेच ते शिकावे लागते. अमेरिकेतील सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात १९९६ साली 'प्रोजेक्ट सर्च' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी मुले वर्गासकट रुग्णालयातच येतात, निरनिराळ्या विभागांत आळीपाळीने काम करतात, आणि शिक्षक त्यांच्याबरोबर असतो. पुढे अनेक देशांनी ही पद्धत उचलली. तिला यंत्रसामग्री लागत नाही. दार उघडणारी संस्था आणि धीराचा शिक्षक एवढे पुरते.

'त्यांची पिळवणूक होईल' ही भीती आईबाप बोलून दाखवितात, आणि ती खोटी नाही. पण पिळवणुकीवरचा उपाय काम नाकारणे हा नसून करार करणे हा आहे. संत जॉन बॉस्को यांनी ट्यूरिन शहरातील अनाथ पोरांसाठी नेमके हेच केले. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी त्यांनी एका सुतारकाम शिकणाऱ्या मुलासाठी केलेला लेखी करार आजही उपलब्ध आहे. मालकाने मुलाला फक्त शब्दांनी सुधारावे, मारू नये, धंद्याबाहेरची कामे त्याच्यावर लादू नयेत, सुट्टी द्यावी, मजुरी द्यावी अशा अटी त्यात घातल्या होत्या. एक धर्मगुरू मुलाच्या बाजूने मालकासमोर बसला आणि त्याने सही केली. धर्मग्रामाचे काम यापेक्षा वेगळे काय असावे?

म्हणून आमच्या मागण्या नेमक्या आहेत. शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता इत्यादींसाठी मिळून आहे. परंतु प्रमाणपत्रच काढले नाही तर त्याचा उपयोग काय? प्रत्येक धर्मग्रामाने अशा कुटुंबांची नोंद करावी आणि दिव्यांग प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्यांची पाठराखण करावी. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो, आणि 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते. ही माहिती रविवारच्या सूचनांत निदान वर्षातून दोनदा दिली जावी. आपल्या शाळा, इस्पितळे, पतपेढ्या आणि लग्नाच्या जेवणाची कंत्राटे घेणारे आपले व्यावसायिक यांनी प्रत्येकी एक जागा राखावी. ती जागा पगाराची असावी, कराराची असावी, आणि पहिले सहा महिने शेजारी शिकविणारे माणूस असावे. आणि आईवडिलांनी वाट पाहू नये. आठव्या वर्षी ताटे मांडू द्यावीत, बाराव्या वर्षी दुकानात पाठवावे, चुकू द्यावे. अठराव्या वर्षी अचानक कोणीही प्रौढ होत नाही.

दाखल्यातील धन्याने त्या माणसांना चौकातच भीक घातली असती, तर वेळ वाचला असता आणि कोणी कुरकुरलेही नसते. त्याने तसे केले नाही. त्याने त्यांना मळ्यात नेले, काम दिले आणि संध्याकाळी मजुरी दिली. येत्या नाताळात मेणबत्त्यांच्या मेजापाशी थांबून पन्नासाची नोट काढण्यापूर्वी त्या मुलाचे वय विचारावे, आणि उद्यापासून त्याला आपल्या दुकानात, वाडीत, कार्यालयात काय करता येईल हेही त्यालाच विचारावे.